पावती मागा

या महिन्याच्या टपालात अमेरिकेच्या अध्यक्षांवर, देणग्यांवर आणि टीव्हीवर एवढी पत्रं आली की सातबारा आणि पेन्शनचे प्रश्न मी पुढच्या अंकासाठी बाजूला काढले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, मी नोकरीभर सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. पतसंस्था, दूध सोसायट्या, विणकरांच्या संस्था. त्यामुळे राजकारणाकडेही मी किर्द आणि खतावणीतूनच बघते. भाषण कुणी किती चांगलं केलं यापेक्षा मांडवाचं बिल कुणी भरलं, हा प्रश्न मला आधी पडतो.

ताई, अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्या नटीचं प्रकरण आमच्या दुकानात अजून चघळलं जातं. ३४ गुन्हे म्हणजे ३४ बायका, असंही एक गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगत होतं. एवढ्या मोठ्या देशाला दुसरं काम नाही काय?
*– किराणा व्यापारी, निपाणी*

त्या गिऱ्हाइकाला सांगा, चौतीसच्या चौतीस गुन्हे कागदांचे आहेत. ११ बिलं, ११ चेक आणि हिशेबाच्या वहीतल्या १२ नोंदी. बेरीज करा, ३४ येते.

घडलं ते असं. २०१६ च्या ऑक्टोबरात, मतदान तोंडावर आलेलं असताना, डोनाल्ड ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी स्टॉर्मी डॅनियल्स यांना गप्प राहण्यासाठी १ लाख ३० हजार डॉलर दिले. पुढच्या वर्षी ते पैसे कोहेन यांना परत करताना वहीत ‘वकिली फी’ लिहिलं गेलं. बिल आलं, नोंद झाली, चेक निघाला, आणि हे महिन्यामागून महिने चाललं. त्यातल्या बऱ्याच चेकांवर ट्रम्प यांनी अध्यक्ष असताना स्वतः सही केली. न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं ३० मे २०२४ रोजी एकेक कागद वेगळा धरून त्यांना दोषी ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दोष कायम ठेवून कैद किंवा दंड काहीही न देता प्रकरण मिटवलं. ट्रम्प यांनी आरोप नाकारलेत आणि अपील केलं आहे.

शेठ, तुम्ही रोज बिलबुक हाताळता, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. खोटं व्हाउचर शोधताना मी आधी रक्कम बघत नसे. एका संस्थेत वर्षभराची व्हाउचरं समोर आली, तारखा बारा महिन्यांच्या, आणि शाई एक, हात एक, दाब एक. टाचणीचं भोकसुद्धा सगळ्या कागदांतून एका रेषेत गेलेलं. एकाच बैठकीत लिहून काढलेली होती ती. खर्चाचं नाव ‘किरकोळ’. पैसा कुणाकडे गेला हे लपवायचं असलं की माणूस त्याला साधं, कंटाळवाणं नाव देतो. न्यूयॉर्कच्या कोर्टात जे सिद्ध झालं ते याच जातीचं होतं, आणि ते बायकांच्या चर्चेत बुडून गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच खटल्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी सांगितली नाही. ‘नॅशनल एन्क्वायरर’ नावाचं भडक साप्ताहिक आहे. त्याचे प्रकाशक डेव्हिड पेकर यांनी शपथेवर सांगितलं की ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प टॉवरमध्ये बैठक झाली आणि तिथं ठरलं: ट्रम्प यांच्याबद्दल चांगलं छापायचं, विरोधकांबद्दल वाईट छापायचं, आणि ट्रम्प यांना अडचणीची गोष्ट कुणी विकायला काढली तर आधी कानावर घालायची. पुढं त्या कंपनीनं कॅरन मॅकडूगल या महिलेला दीड लाख डॉलर देऊन तिची हकीकत विकत घेतली आणि छापलीच नाही. भडक पेपर खोटं छापतो हे आपल्याला माहीत असतं. तो पैसे मोजून बातमी पुरतोही, हे लक्षात ठेवा. समोर आलेल्या बातमीबरोबर न आलेल्या बातमीचाही विचार तेव्हापासून मी करायला लागले.

वॉटरगेट आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला सांगत असू. निक्सन आणि क्लिंटन या दोन अमेरिकी अध्यक्षांत कुणाचं वागणं अधिक वाईट? माझ्या मते शील गेलं की सगळं गेलं.
*– निवृत्त शिक्षक, शहापूर*

सर, क्लिंटन यांचं वागणं मी हलकं लेखत नाही. मोनिका लेविन्स्की व्हाइट हाउसमध्ये काम शिकायला आलेली बावीस वर्षांची मुलगी होती आणि हे देशाचे अध्यक्ष. त्यात बरोबरी नव्हती. पुढं त्यांनी त्याबद्दल शपथेवर दिशाभूल केली. १९ डिसेंबर १९९८ ला प्रतिनिधीगृहानं महाभियोग चालवला, १२ फेब्रुवारी १९९९ ला सेनेटनं सोडलं. सगळ्या जगानं त्या मुलीचं नाव तोंडपाठ केलं आणि तिची जी विटंबना झाली ती अध्यक्षांपेक्षा तिलाच जास्त भोगावी लागली.

पण याच क्लिंटन यांच्या १९९६ च्या निवडणुकीतला पैसा कुणाला आठवतो? मोठ्या देणगीदारांना व्हाइट हाउसमध्ये कॉफीला बोलावलं जायचं. काहींना लिंकन यांच्या नावाच्या खोलीत रात्रीचा मुक्काम मिळायचा. परदेशातून आल्याचा संशय असलेल्या लाखो डॉलरच्या देणग्या पक्षाला परत कराव्या लागल्या. सेनेटच्या समितीनं १९९७ मध्ये त्यावर सुनावणी घेतली. तिच्यात हिशेब, तारखा, पाहुण्यांच्या याद्या, म्हणजे चौकशीला हवं ते सगळं होतं आणि टीव्हीला हवं ते काही नव्हतं. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या दोन वाहिन्या १९९६ मध्येच सुरू झाल्या होत्या आणि त्यांना दिवसाचे चोवीस तास भरायचे होते. जानेवारी १९९८ मध्ये लेविन्स्की प्रकरण बाहेर आलं आणि ते तास भरले. मर्यादेबाहेरच्या देणग्या पक्षाच्या नावानं घ्यायच्या ज्या पळवाटेवर चौकशी होती ती बुजवायला कायदा आला २००२ मध्ये, क्लिंटन घरी गेल्यावर.

आता निक्सन. सर, तुम्ही वर्गात चोरी, अध्यक्षांच्या कचेरीतल्या बोलण्याच्या ध्वनिफिती आणि राजीनामा सांगितला असेल. मी तुम्हाला एक चेक सांगते. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच जण सापडले. त्यांच्याकडे शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा होत्या, नंबर ओळीनं लागलेले. ओळीचे नंबर म्हणजे बँकेतून थेट आलेला पैसा. त्यांच्यातल्या बर्नार्ड बार्कर याच्या मायामीतल्या बँक खात्यात २५ हजार डॉलरचा एक चेक जमा झालेला निघाला. त्यावर नाव केनेथ डालबर्ग, आणि डालबर्ग कोण, तर निक्सन यांच्या प्रचारासाठी मध्य-पश्चिमेत निधी गोळा करणारे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं ही बातमी १ ऑगस्ट १९७२ ला दिली. प्रचाराचा पैसा चोराच्या खात्यात गेला, हे त्या एका कागदानं दाखवलं.

तारीखही बघा. देणगीदारांची नावं जाहीर करायला लावणारा नवा कायदा ७ एप्रिल १९७२ पासून लागू होणार होता. त्याआधी नाव न लागता पैसा आत घ्यायची निक्सन यांच्या माणसांनी धावपळ केली. हा चेक १० एप्रिलचा, म्हणजे कायदा लागू झाल्यावर तीन दिवसांनी.

आणि तरीही त्या नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकले. चेकची बातमी लोकांच्या गळी उतरायला वेळ लागतो. राजीनामा आला ९ ऑगस्ट १९७४ ला, म्हणजे दोन वर्षांनी. तुम्ही विचारलंत म्हणून माझं उत्तर स्पष्ट देते, निक्सन यांचं वागणं अधिक वाईट. शील जातं हे खरं, सर, पण नुसत्या खासगी वागण्यावरून ते मोजलं तर सरकारी यंत्रणा आणि पक्षाचा पैसा लोकांविरुद्ध वापरणारा माणूस सज्जन म्हणून सुटतो.

अमेरिकेत श्रीमंत माणूस पाहिजे तेवढे पैसे देऊ शकतो म्हणे. आपल्याकडे तरी बरं आहे काय?
*– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिकोडी*

उमेदवाराला थेट देणगी देण्यावर तिथं बंधन आहे. २०२४ च्या निवडणुकीसाठी ते एका माणसाला एका उमेदवारासाठी एका फेरीला ३,३०० डॉलर होतं. पळवाट वेगळी आहे. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवलं की कंपन्या आणि संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावर मर्यादा घालता येणार नाही. त्यातून ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या निघाल्या. उमेदवाराशी ठरवून खर्च करायचा नाही एवढं पथ्य पाळलं की त्यांना कितीही पैसा घेता येतो. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये पंचवीस कोटी डॉलरहून जास्त ओतले. मात्र हा आकडा आपल्याला इथं बसून कळतो, कारण समित्यांना हिशेब द्यावा लागतो आणि २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव व व्यवसाय तिथल्या निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर चढतो. काही संस्था देणगीदाराचं नाव लपवून पैसा पुढं सरकवतात, तो भाग तिथंही अंधारातच आहे.

आपल्याकडे निवडणूक रोखे होते. २०१८ मध्ये सुरू झाले, १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवून बंद केले. हजारापासून कोटीपर्यंतचा कागद स्टेट बँकेतून घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा, वर नाव नाही. कागदावर मात्र अतिनील प्रकाशातच दिसणारा एक क्रमांक होता. मी आयुष्यभर पावत्या बघितल्या, पण पावतीवर नंबर आहे आणि तो पैसे भरणाऱ्या जनतेलाच दिसू नये अशी व्यवस्था कधी बघितली नव्हती. बँकेनं माहिती द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयानं ११ मार्चला नाही म्हटलं. १४ मार्चला नावं आली, २१ ला क्रमांक आले आणि कुणी कुणाला दिले हे जुळलं.

रोखे गेले म्हणून सगळं उघड झालं असं समजू नकोस, बाळा. २० हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव पक्षाला आजही जाहीर करावं लागत नाही. आणि विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात खर्चाची मर्यादा ४० लाख असली तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

राजकारणातला पैसा कधी स्वच्छ होता काय?
*– एक वाचक, टिळकवाडी*

तुमच्याच भागात होता. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकच. आयोजनाचा भार हुदलीच्या गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होता. प्रतिनिधींची फी दहा रुपयांवरून एक रुपयावर आणली, आणि दोन लाखांहून जास्त खर्च होऊनही सगळं भागून ७७३ रुपये शिल्लक राहिले. शिल्लक कुठं ठेवली तेही लिहिलेलं राहिलं. काँग्रेस रोडवरून जाताना मला गर्दीच्या गोष्टींपेक्षा ही शिल्लक आठवते.

ताई, आमच्या बचत गटात मतदानाआधी सगळ्यांना कुकर वाटले. मीबी घेतला. खरं मत दुसऱ्याला दिलं. आता मनाला लागून राहिलंय. परत देऊ काय?
*– एक भगिनी, बेळगाव ग्रामीण*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही मत विकलं नाहीत, हे आधी ऐका. मतपेटीजवळ तुम्ही एकट्या होता आणि तिथं तुम्ही तुमच्या मनाचं केलंत. कायदा मात्र कडक आहे. लाच देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार, असं भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात आहे. म्हणून पुढच्या वेळी दारात आलेली वस्तू घेऊ नका. गटात एकटीनं नाही म्हणणं अवघड असतं हे मी जाणते. सगळ्याजणींनी आधीच ठराव करून गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे एकीवर रोष येत नाही.

परत देण्यासाठी त्यांच्या दारात जाऊ नका. तुम्हाला त्रास होईल आणि त्यांचं काही अडणार नाही. त्यापेक्षा एक विचार करा. तुमच्या गटात किती कुकर आले, पंचायतीत किती गट आहेत, मतदारसंघात किती पंचायती? एका कुकरला हजार रुपये धरून गुणाकार करून बघा. ४० लाखांच्या मर्यादेत हे बसतं काय? आणि जिंकलेल्या कुणाच्या हिशेबात ‘कुकर’ असा खर्च लिहिलेला तुम्हाला सापडणार नाही. मग हा पैसा ज्यांनी दिला ते तो वसूल करणारच. गावातल्या अर्धवट रस्त्यात, गटारीच्या टेंडरात तो वसूल होतो. तुमच्या घरातल्या कुकरची किंमत तुम्ही तिथं भरताय.

आपल्या कोगनोळी नाक्यावर आचारसंहितेत ५० हजारांच्या वर रोकड नेणाऱ्याला कागद दाखवावे लागतात. बैलाच्या पैशासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी निघालेली माणसं तिथं अडतात. ती अडावीत याला माझी ना नाही, पण ज्या वाटेनं कुकरांचे ट्रक गोदामात पोचतात ती वाटही तितक्याच कडकपणे अडवायला हवी.

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा टीव्ही बघून कोल्हापूरची आत्या रडत फोन करत होती, आणि आम्ही इकडं खडेबाजारात भाजी घेत होतो. माझा प्रश्न दुसरा आहे. कन्नड वाहिन्या त्यांच्या बाजूनं तापवतात. मग आपल्या मराठी पेपरनं आपल्या बाजूची बातमी थोडी वाढवून दिली तर काय चुकलं?
*– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव*

दगडफेक झाली, काचा फुटल्या, ती निंद्यच होती. पण एका नाक्यावरचा प्रकार दिवसभर फिरवत ठेवला की आत्याला अख्खं बेळगाव पेटलेलं दिसतं. दोन्हीकडच्या वाहिन्यांनी तेच केलं, फक्त खालची पट्टी वेगळ्या लिपीत होती.

बाजू घेणारा पेपर मला चालतो. सीमाभागात मराठी शाळा, मराठी पाटी, मराठी उतारा यासाठी भांडणारा पेपर आपल्याला हवाच. पण वाढवून दिलेल्या बातमीनं काय होतं ते आपल्या सर्वांत मोठ्या पेपरच्या इतिहासात आहे. ‘केसरी’ सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चाललाय या कळकळीनं टिळक आणि आगरकरांनी दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध हाती आलेली पत्रं छापली. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, पैशाचा लोभ नव्हता, माफीही मागितली, तरी दिवाणांवर ठेवलेला ठपका सिद्ध झाला नाही तो नाहीच. एवढ्या मोठ्या माणसांचं जिथं असं झालं तिथं आपण ‘थोडं वाढवून’ म्हणायला धजू नये.

अमेरिकेत याची किंमत पैशात मोजली गेली. रेडिओ-टीव्हीनं वादाच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात हा १९४९ पासूनचा नियम त्यांनी १९८७ मध्ये काढून टाकला. केबलला तो नियम तसाही नीट लागू नव्हता, पण हवा बदलली. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांनी घोटाळा केला, असं फॉक्स न्यूजवर येत राहिलं. यंत्र बनवणारी डोमिनियन कंपनी कोर्टात गेली तेव्हा वाहिनीतल्या लोकांचे आपसातले संदेश बाहेर आले. ज्या गोष्टी पडद्यावर चालल्या होत्या त्यांवर आतल्या अनेकांचा विश्वासच नव्हता. प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील ही धास्ती होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याच प्रेक्षकांना खूश ठेवण्यासाठी आपल्याच प्रेक्षकांशी खोटं बोलले ते.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांची बाजू तिथं कागदांवर उभी आहे. आपल्या बाजूचा एक खोटा आकडा, एक वाढवलेला फोटो सापडला की समोरच्याला खरी कागदपत्रंही खोटी म्हणायला तोंड मिळतं. म्हणून मराठी पेपर मी जास्त कडकपणे तपासते.

वाहिनीनं भडक खोटं दाखवलं तर सात दिवसांत त्या वाहिनीला लेखी तक्रार कर, तारीख आणि वेळ लिहून. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वाहिन्यांच्या स्वतःच्या मानक प्राधिकरणाकडे जाता येतं. निवृत्त न्यायाधीश तिथं अध्यक्ष असतात. दंड लहान आहे आणि सभासद नसलेल्या वाहिन्यांवर त्याचा धाक नाही, तरी लेखी तक्रार दप्तरात राहते.

अठरा पूर्ण झाली. सगळे म्हणतात हिशेब मागा. कुणाकडं, कसा?
*– पहिल्यांदाच मतदान करणारा, खानापूर*

निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हरलेल्यालाही. तो हिशेब कुणालाही बघता येतो आणि नियमात त्याची फी एक रुपया आहे. नक्कल हवी तर वेगळी फी भरायची. बेळगावला डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, निवडणूक विभागात जा. अर्ज कन्नडमध्ये जमत नसेल तर इंग्रजीत लिही, उमेदवाराचं नाव, मतदारसंघ आणि निवडणुकीचं वर्ष घाल, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

हिशेब हातात आला की तीन गोष्टी आधी बघ. तुमच्या गावात झालेली सभा त्यात आहे काय, गाड्यांची संख्या तू डोळ्यांनी बघितलेल्या गाड्यांशी जुळते काय, आणि जेवणावळीचा खर्च कुठल्या दरानं लावलाय. जिल्ह्यात चहापासून मंडपापर्यंत दर ठरवून दिलेले असतात, त्याची यादीही माग. निवडणूक खात्याची माणसं स्वतः एक समांतर नोंदवही ठेवतात, तिच्यातला आकडा आणि उमेदवाराचा आकडा शेजारी शेजारी ठेव. फरक सापडला तर मला तारखेसह लिही. तपासून घेऊ आणि पुढच्या अंकात छापू.